झोपायला उशी नको

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सव्वीस वर्षं मुद्रितं तपासून तिच्या हातून एकही चूक सुटली नाही, असं मालक आल्यागेल्याला सांगत. वेलांटीबाई दिसेल ते खोडायची, पण हे वाक्य तिने कधी खोडलं नव्हतं.

घरी मात्र आईपुढे तिचं काही चालत नसे. आई ब्याऐंशीची, मान दुखून हैराण. तीन डॉक्टर झाले. तिघांनी ती मान इकडून तिकडे वळवून पाहिली आणि तिघांनीही एकच फर्मान काढलं, उशी बंद. झालं! लेकीने आईची कापसाची उशी उचलून माळ्यावर टाकली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. मान दुखायची थांबली नाही ती नाहीच, वर झोपही गेली. दुपारी आडवं व्हायचं, छताकडे टक लावायची आणि लेकीचा उद्धार करायचा, एवढंच आईच्या हाती उरलं होतं.

"अगं, दे ना ती उशी. डोळ्याला डोळा लागत नाही माझा."

"आई, तीन-तीन डॉक्टर उगीच सांगतील का?"

"तिघांपैकी एकाची तरी मान माझ्या धडावर आहे का?"

"पुस्तकातच आहे तसं. मी स्वतः तपासलंय ते पुस्तक."

यावर आई भिंतीकडे तोंड करी. एका दुपारी तर तिने टॉवेलाची घडी डोक्याखाली दडवली होती. वेलांटीबाईने तीही काढून घेतली. आई नुसती बघत राहिली, आणि ते बघणं लेकीला दिवसभर टोचत राहिलं.

ते पुस्तक म्हणजे घरोघरी असलेली आरोग्यपुस्तिका. तिची नववी आवृत्ती नेमकी त्याच आठवड्यात तपासायला आली. पूर्वी उशीबद्दल एक ओळ असे. मग परिच्छेद झाला. आता पाच तज्ज्ञांच्या समितीने मणक्यांची चित्रं काढून बारा पानांचं प्रकरणच पाडलं होतं, 'झोपायला उशी नको'. तळटिपा तपासणं वेलांटीबाईच्याच गळ्यात होतं. पहिली टीप एका जाडजूड ग्रंथाकडे बोट दाखवत होती. तो ग्रंथ दुसऱ्या ग्रंथाकडे. आणि तो दुसरा मोठ्या ऐटीत याच पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीकडे! एवढे विद्वान, आणि सगळे एकमेकांचा पदर धरून गोल फिरत होते.

मग पहिल्या आवृत्तीला कुणी सांगितलं? ती गोदामात गेली. धूळ खात पडलेला गठ्ठा सोडला. मूळ लेखक एक साधे डॉक्टर, केव्हाच वारलेले. त्यांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: 'गादी फार मऊ नको. पांघरूण फार जड नको. झोपायला उशीर नको.'

खाली तपासलेलं मुद्रित होतं. 'उशीर'मधला र लाल शाईने खोडलेला. शेजारी सही, तिचीच.

तिला सगळं आठवलं. नोकरी लागून सहा महिने झाले होते. गादी, पांघरूण, म्हणजे पुढे उशीच असणार, र खिळे जुळवणाऱ्याच्या हातून चुकून जास्तीचा पडला असणार! केवढी हुशारी वाटली होती तेव्हा. आता तिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत समिती जमली. तिने दोन्ही कागद अध्यक्षांपुढे ठेवले. हे मानेचे मोठे डॉक्टर. छापखान्यात त्यांना मणकेसाहेब म्हणत.

"बाई," मणकेसाहेब हसले, "सव्वीस वर्षांचं एकमत एका र वर उभं नसतं."

"मग कशावर उभं आहे?"

"अनुभवावर. उशी घेणारे माझ्याकडे मान धरून येतात."

"आणि न घेणारे?"

"तेही येतात. त्यांना अजून सवय झालेली नसते."

उरलेल्या चौघांनी माना डोलावल्या. मालकांच्या नव्या खुर्च्यांना मान टेकायला छोट्या उशा होत्या, त्यामुळे त्या माना छान डोलत होत्या.

"तुम्ही व्याकरण बघा, माना आम्ही बघतो," मणकेसाहेबांनी मुद्रित तिच्यापुढे सरकवलं. "करा सही."

सही केली असती तर तिचा लौकिक शाबूत राहिला असता. तिने लाल पेन काढलं आणि शीर्षकातल्या 'उशी'पुढे र घातला. मग समासात लिहिलं, 'पहिल्या आवृत्तीतली चूक माझी,' आणि त्याखाली सही केली.

"वेलांटीबाई!" मालक ओरडले. तोंडावर पहिल्यांदाच.

"व्याकरण बघितलं," ती म्हणाली आणि तडक घरी आली.

माळ्यावरची उशी काढून तिने गच्चीत झोडपली, नवा अभ्रा घातला आणि आईच्या डोक्याखाली सरकवली. मग सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू आलं, ते तिने आवरलं नाही.

"मान जास्त दुखली तर सांग हं."

"दुखली तर मीच काढीन. तू हात लावायचा नाहीस." आईने डोकं इकडून तिकडे घोळवून जागा केली आणि डोळे मिटले. "म्हणजे र तू खाल्लास तर."

"हो गं."

"चार वर्षांची होईस्तोवर बोलताना खायचीस," आई पेंगत म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, आपोआप सुटेल."