खांबावरून दिसलेली मोटर

पडद्यावरचं वाळूचं घड्याळ सकाळी दहापासून उलटं-सुलटं होत होतं. पान अर्धं उघडायचं, अडकायचं, मरायचं.

"परत टाइम आउट!" शेखरने टेबलावर मूठ आपटली. "पैसे घेताना बरे फास्ट असतात हे केबलवाले!"

मुरबाडपासून पाच किलोमीटरवरचं गाव. साल २००९, मे महिन्याचा शेवट. शेखर मुरबाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, घरची भातशेती, गावात शब्दाला वजन. त्याच्या मुलीला, प्रियांकाला, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. दाखला कालच हातात पडलेला आणि मुदत आज पाचला संपणार. त्यातही साडेचारला भारनियमन. वीज गेली की संगणक आंधळा. मुरबाडचा सायबर कॅफे म्हणाल, तर मालकाच्या भावाची हळद असल्याने कुलूप! आपल्याकडे हळदीला सगळं बंद असतं, फक्त डीजे चालू.

"फोटो वर चढतच नाय बाबा," प्रियांका रडवेली झाली. "आज राहिला तर वर्ष गेलं."

"वाडीच्या पोरांचंच काम हे," शेखर येरझाऱ्या घालत होता. "तार कापतात आणि तांबं विकतात. दुसरं काय येतंय त्यांना!"

वाचकहो, आपल्याकडची ही जुनी पद्धत. काही बिघडलं, की तपासायच्या आधी बोट गावाबाहेरच्या वस्तीकडे जातं. तपासायला कष्ट पडतात, बोट फुकट असतं.

"तार कापली असती तर अर्धं पानपण उघडलं नसतं, शेखरदादा."

दारात जयश्री उभी. पाठीला पिशवी, खांद्याला शिडी. ती त्याच वाडीतली, भिमीची मुलगी. आय.टी.आय. करून कुंडलिक केबलवाल्याकडे दोन वर्षं काम करत होती. शेखरचं बोलणं तिने ऐकलं होतं. शेखरला ते कळलंही, पण तो ओशाळला नाही. उलट तिच्यावरच घसरला.

"एक वाजता येते बोललीस. आता अडीच वाजले!"

"पाणी भरत होते. कालपण वाडीच्या नळाला आलं नाय. विहिरीवर दोन खेपा मारल्या." एवढंच बोलून ती खुर्चीवर बसली.

तिने मागची तार काढून पुन्हा घट्ट बसवली. मग पडद्यावर एक काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं. प्रियांका वाकून बघू लागली.

"ही हाक मारायची तऱ्हा समज," जयश्री म्हणाली. "मी इथून बाहेरच्या खांबावरच्या डब्याला हाक मारते. बघ, लगेच ओ आली. म्हणजे तुमची तार चांगली आहे. आता मुरबाडच्या ऑफिसाला हाक मारते."

पडद्यावर ओळी रेंगाळत उमटल्या. चार हाकांतल्या दोनच परत आल्या, त्याही धापा टाकत.

"म्हंजे?" शेखर खेकसला.

"म्हंजे बिघाड नाय, गर्दी आहे. आमच्या शेठनं आठ घरांना पुरेल एवढी लाइन मुरबाडवरून आणली आणि सव्वीस घरांना वाटली. शेठला तोंडावर बोलले मी हे. पण सव्वीस जणांनी नीट वापरलं तरी फॉर्म जाईल. कोणीतरी एकटाच सगळं ओढतोय."

तेवढ्यात तीन वाजले. नळाला पाणी आलं. शेखरची बायको रेश्मा परसात गेली, खटका दाबला, आणि घर्रर्र आवाज सुरू झाला. त्या आवाजाची घराला इतकी सवय होती, की कोणी मान वळवली नाही. जयश्रीने वळवली. मग शिडी घेऊन बाहेर पडली.

खांबावर चढून तिने डबा उघडला. खाली शेखर शिडी धरून उभा, सारखा घड्याळाकडे बघत.

"एक दिवा लुकलुकायचा थांबतच नाय," ती वरून ओरडली. "दीपेशच्या घराचा!"

दीपेश म्हणजे शेखरचा सख्खा पुतण्या, समोरच्याच घरातला. शेखर तावातावाने गेला तर दाराला कुलूप. सगळं घर मुरबाडला हळदीला! खिडकीतून दिसत होतं, संगणक चालू आणि पडद्यावर सिनेमांची यादी. एक नाही, चौदा सिनेमे एकदम उतरवायला लावून पठ्ठ्या नाचायला गेला होता. शेखरने फोन लावला.

"काका, अनलिमिटेडचा प्लॅन आहे ना आपला," मागच्या ढणढणाटातून दीपेश म्हणाला. "पैसे भरतो. वापरलं तर काय झालं? ज्याला पायजे त्यानं लावावं!"

"अरे, प्रियांकाचा फॉर्म अडकलाय!"

"ऐकू नाय येत, काका!" फोन बंद.

तो खांबाखाली परत आला तेव्हा साडेतीन झाले होते. शेखरच्या कपाळावरची शीर उडू लागली.

"ओढू का त्याची तार?" जयश्रीने विचारलं.

"ओढ! उपटून टाक! आपल्या मागं दुसरं कोणी उभं आहे हे ज्याला दिसत नाय, त्याची तार उपटलीच पायजे! पैसे भरतो म्हणे! पैसे काय आमी भरत नाय?"

जयश्रीने तार काढली. खाली मात्र उतरली नाही. खांबावरून शेखरचं परस दिसत होतं. तिथे नळाच्या पाइपाला थेट जोडलेली मोटर आणि गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी. त्यापलीकडे, पाइप जिथे संपतो तिथे, वाडीचा नळ. नळापुढे हंड्यांची रांग आणि शेवटी पदर डोक्यावर घेऊन बसलेली तिची आई.

"मग ती पण उपटू का, शेखरदादा?"

"कोणती?"

"तुमची मोटर."

शेखरचा चेहरा लाल झाला. "पाण्याचा इथं काय संबंध? मी पाणीपट्टी भरतो!"

"दीपेशपण हेच बोलला ना आत्ता?"

"जीभ लांब झाली तुझी गो!"

"झाली. दोन खेपा मारून घसा सुकला तरी झाली." तिचा आवाज चढला नाही. "टेकडीवरच्या टाकीतून एकच पाइप येतो. तुमचं घर पहिलं, वाडी शेवटची. पहिल्यानं ओढलं की शेवटच्याला हवा येते. तुमाला आज सकाळपासून नेट नाय, तर घर डोक्यावर घेतलंत. माझी आई पाच वर्षं त्या नळापुढं बसते. तिनं कोणाची तार कापली नाय."

शेखर शिडी धरून तसाच उभा राहिला.

"जा आत," जयश्री उतरत म्हणाली. "फोटो चढला असेल. प्रियांकाचं वर्ष मी भांडणात नाय ओढणार."

खरंच चढला होता! सही चढली, दाखला चढला. चार वाजून सात मिनिटांनी पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला आणि प्रियांकाने किंकाळीच मारली. रेश्मा साखर आणायला धावली.

शेखर परसात गेला. मोटर घरघरत होती. त्याने खटका बंद केला.

"अहो, टाकी भरली नाय अजून!" रेश्मा आतून ओरडली.

"अर्धी भरली ना? बस झाली."

मग तो पाइपाच्या कडेकडेने चालत थेट वाडीच्या नळापर्यंत गेला. आयुष्यात पहिल्यांदा! नळाला सुतासारखी धार होती. शेखरला वाटलं होतं, आता धो धो येईल. तसं झालं नाही. वाटेत त्याने मोजलं होतं, अजून अकरा घरांच्या मोटरी घरघरत होत्या. पण सुताची दोरी झाली. भिमीचा हंडा नळ जायच्या आत काठोकाठ भरला.

"आज काय झालं गो नळाला?" भिमीने शेजारणीला विचारलं.

"माझी मोटर बंद केली, भिमीबाय," शेखर म्हणाला. "आणि सकाळी तुमच्या पोरांना चोर बोललो. ते माझं चुकलं."

भिमीने त्याच्याकडे नीट बघितलं. "चुकलं ना? मग उचल हंडा. डोक्यावर देतोस का नुसता बोलतोस?"

शेखरने दोन्ही हातांनी हंडा उचलून तिच्या डोक्यावर दिला. भरल्या हंड्याचं वजन किती असतं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तो त्या अकरा दारांत गेला. चौघांनी ऐकलं. तिघांनी हाकललं. उरलेल्यांनी बघू म्हटलं. सख्खा भाऊच म्हणाला, "वाडीचा पुढारी झालास काय रे?" आणि दीपेश तर आठ दिवस बोलला नाही, त्याचे सिनेमे अर्धवट राहिले होते ना! शेखर मात्र नळावरच्या मोटरींचा विषय मांडायला ग्रामसभेची वाट बघत बसला होता, सोबत जयश्रीला घेऊन.

वाचकहो, पैसे भरले म्हणून पाइप आपला होत नाही, तारही आपली होत नाही. आपण भरतो ते आपल्या वाट्याचे. गावात पाणी का पुरत नाही, नेट का चालत नाही, याची चौकशी बाहेर करण्याआधी जरा आपल्या परसात जा. कान देऊन ऐका. काही घरघरतंय का? असेल, तर आधी तो खटका बंद करा, मग लोकांना चोर म्हणा!