मावशींची झोप लागेना

प्रवासाला सहा वर्षं झाली होती. यानातले तीनशे प्रवासी आपापल्या पेटीत गोठून गाढ झोपले होते. एका सकाळी शिंपीणमावशी आपल्या पेटीचं झाकण ढकलून उठून बसल्या. त्या वर्षी पहाऱ्यावर असलेला तंत्रज्ञ धावत आला.

"मावशी, पोचायला अजून चौऱ्याऐंशी वर्षं आहेत."

"असू देत. पांघरुणाशिवाय मला झोप लागत नाही."

त्याने यानाच्या डॉक्टरांना बोलावलं. गोठलेल्या माणसाला थंडी वाजतच नाही, असं त्यांनी समजावलं.

"तुम्ही झोपून पाहिलंय का कधी?" मावशींनी विचारलं.

डॉक्टर मानी गृहस्थ. ते तडक मावशींच्या पेटीत आडवे झाले, झाकण आपोआप लागलं आणि ते गोठले. पेटी फक्त आतूनच उघडायची, आणि डॉक्टरांना झोप छान लागली होती.

मावशींना फार अपराधी वाटलं. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या जागी त्या स्वतःच दवाखान्यात बसू लागल्या. पहिला रोगी तंत्रज्ञच होता. त्याची पाठ धरली होती. मावशींनी त्याला नीट तपासलं आणि त्याचा सदरा दोन्ही खांद्यांत सैल करून दिला. पाठ संध्याकाळपर्यंत मोकळी झाली.