भिंतीचे सात दिवस

मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने बाथरूमची भिंत ठोकत एक फेरी मारली आणि तोंड वाकडं केलं. शॉवरखालचा अख्खा भाग पोकळ वाजत होता.

"बाई, ही भिंत तुमच्या फरश्या पेलायची नाही."

बाई दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या होत्या. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या आणि गेली तीन वर्षं घरात एकट्या. दगडी फरश्या नवऱ्याने हौसेने आणल्या होत्या, पण त्या लावायच्या आधीच तो गेला. खोकी पलंगाखाली तशीच पडून होती.

"मग काय करायचं?"

"जुना गिलावा विटेपर्यंत काढायचा. नवा करायचा, त्याला सात दिवस पाणी मारायचं, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात. वरच्यावर चिकटवून देणारे छप्पन्न भेटतील. पण एक दिवस आंघोळ करताना फरशी टाळक्यात पडेल."

"तर मग काढा. मला कुठे शाळेची घंटा गाठायचीय?"

मिस्त्री तसा घुम्याच. बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं, आणि छिन्नीच्या आवाजात कामावर बोलायची सोय नव्हती. बाई मात्र दोघांच्या वाटचं बोलायच्या. धुरळ्यात तोंडाला पदर लावून नद्या, वारे, वर्गातली वांड पोरं असं काय काय सांगायच्या. मिस्त्री हातोडी थांबवून "हं" म्हणायचा. चौथ्या दिवशी आपण जरा जास्तच वेळा हातोडी थांबवतोय, हे त्याच्याही लक्षात आलं.

आतल्या विटा ओल्या निघाल्या. पाइपाचा एक सांधा झिरपत होता. तो बदलला, विटा वाळू दिल्या, नवा थर धरावा म्हणून सिमेंटचा हबका मारला आणि भिंत सरळ यावी म्हणून ओळंबा धरून गिलावा केला. ओला असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढल्या, फरशीच्या चिकटवणाला पकड मिळावी म्हणून.

"आता दिवसातून तीनदा पाणी मारा," असं बजावून तो दुसऱ्या कामावर गेला.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "मिस्त्री, भिंत कोरडी पडलीय हो. येऊन बघता का?"

तो धावत गेला. भिंत ओलीचिंब होती आणि जमिनीवर तळं साचलं होतं.

"बाई, भिंतीला आंघोळ घाला म्हटलं होतं, बुडवायला नाही!"

बाई खळखळून हसल्या आणि चहा ठेवायला गेल्या. मिस्त्री काय ते समजला. दुसऱ्या दिवशी तो न बोलावताच गेला. एकदा नजर टाकलेली बरी, असं त्याने स्वतःलाच सांगितलं.

पाचव्या दिवशी दार बाईंच्या लेकीने उघडलं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, डाव्या हाताला प्लास्टर. सकाळी पाणी मारताना पाय घसरला होता. दाराशी बॅग भरून तयार होती.

मिस्त्री दारातूनच म्हणाला, "मीच सांगितलं होतं पाणी मारायला."

"तुमचा काय दोष?" लेक थकल्या आवाजात म्हणाली. "पण आईला आता मी इथे एकटीला ठेवणार नाही. तुम्ही कसंतरी उरका आणि किल्ली शेजारी द्या."

"कसंतरी नाही हं, मिस्त्री," बाई म्हणाल्या. लेक त्यांना धरून जिना उतरवत होती, तरी दोनदा मागे वळून त्यांनी तेच सांगितलं.

उरलेले दिवस मिस्त्री एकटाच सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडून भिंतीला पाणी मारत होता. एवढं शांत घर, पण त्याच्याच्याने काम उरकेना. स्टूल दाराबाहेर तसंच होतं, तो त्याला वळसा घालून जायचा. कोपरे पट्टीने बंद केले, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. मग फरश्यांच्या रोज दोनच रांगा लावल्या, वजनाने त्या खाली सरकू नयेत म्हणून. एकदा सवयीने त्याने हातोडी थांबवून "हं" केलं आणि स्वतःशीच ओशाळला.

फरश्यांचे सांधे भरून वाळल्यावर त्याने बाईंना फोन लावला.

"झालं, बाई."

"कशी दिसते?"

मिस्त्रीने शॉवर सोडला आणि फोन त्या आवाजाकडे धरला.

"बरं, बंद करा आता, पाणी वाया चाललंय," बाई म्हणाल्या.

"येणार कधी?"

"लेक म्हणते, बघू."

'बघू'चा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. मिस्त्रीने जमीन फडक्याने कोरडी केली, हत्यारं पिशवीत भरली आणि शेजारची बेल वाजवली. शेजाऱ्याने किल्ली घेतली, "झालं का काम?" असं विचारलं आणि उत्तराआधीच दार लावून घेतलं.

"झालं," मिस्त्री बंद दाराला म्हणाला आणि जिना उतरू लागला.