दाबकलम

बाटलीच्या लेबलावर 'नव्वद वर्षांच्या वेली' असं छापलेलं असे आणि सासऱ्यांना त्या ओळीचा कोण अभिमान! घरची वाइन हाती लागावी म्हणून लोक वर्ष वर्ष थांबत. यंदा एका मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं, अशा वेली नेमक्या किती? "मोज गं जरा," सासरे म्हणाले आणि धाकटी सून वही घेऊन मळ्यात उतरली.

तिसऱ्या ओळीतच ती अडखळली. मांडीएवढ्या जाड, पिळवटलेल्या खोडांमध्ये मधूनच एखादं मनगटाएवढं. चारात एक तरी! तिने वही मिटली.

मळा बघायच्या त्या आत्या, सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नबिग्न न करता सगळा जन्म याच वेलींत घातलेल्या. सुनेने त्यांनाच गाठलं.

"तिथल्या जुन्या वेली मेल्या," आत्या छाटणी न थांबवता म्हणाल्या. "मग शेजारणीची फांदी वाकवून मातीत दाबायची. मुळं धरली की आईपासून तोडायची. दाबकलम. बाहेरचं रोप एकही नाही हो माझ्या मळ्यात."

"बाबांना ठाऊक आहे?"

"त्याला तळघरातली पिंपं सोडून दिसतंय काय? एक वेल गेली तरी जेवायचा नाही. म्हटलं, कशाला सांगा."

गप्प बसणं सोपं होतं. पण ती छापील ओळ सुनेला डाचत राहिली. जेवताना तिने सांगून टाकलं.

सासऱ्यांनी ताट सरकवलं. "इतकी वर्षं मला खोटं बोलायला लावलंस, ताई?"

दोन दिवस बहीणभावांत अबोला, आणि सून मधल्या मध्ये अपराध्यासारखी. तिसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "ओळ काढ. नुसतं 'जुना मळा' लिही. त्या गिऱ्हाइकालाही खरं ते कळव."

गिऱ्हाइकाने मागणी निम्म्यावर आणली. सुनेला वाईट वाटलं. झोप मात्र नीट लागू लागली.

हिवाळा सरला, मळा फुटला, पण सातव्या ओळीतली एक वेल कोरडीच राहिली. सासरे खुरपं घेऊन तिच्यापाशी फतकल मारून बसले आणि शेजारच्या वेलीची फांदी वाकवू लागले.

"अरे, हळू वाकव! मोडशील," आत्या खेकसल्या.

"मग दाखव की. तोडायची कधी?"

"दोन वर्षांनी."

 सासऱ्यांनी सुनेला हाक मारली, "ये गं, तूही शिकून घे."

ती पदर खोचून त्यांच्या शेजारी मातीत बसली.