आठ बादल्या

येलहंकाच्या त्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअर आटली, तेव्हा उपेंद्ररावांना मनातून जरा बरंच वाटलं, असं त्यांच्या बायकोचं, विद्याताईंचं, स्पष्ट मत होतं. सरकारी कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असं काम कुठून मिळणार? टँकर एक दिवसाआड यायचा. उपेंद्रराव हातात घड्याळ घेऊन गच्चीवर जात आणि टाकीखालचे चार वॉल्व्ह एकेक करून सोडत. प्रत्येक घराला वीस मिनिटं. मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. समान म्हणजे समान!

तिसऱ्या मजल्यावरच्या सकवारबाई निपाणीकडच्या. नवरा कल्लाप्पा दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेला, अर्धं अंग गेलेलं. एका सकाळी त्या गच्चीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, आम्हाला स्वल्प जास्ती सोडा की. पाठीला जखम झालीया ह्यांच्या. डॉक्टर म्हणत्यात, रोज चादर बदला, अंग पुसा. पाणीच न्हाई तर कसं करू? असंच चाललं तर गावाकडं न्यावं लागंल. तिथं कुठला आलाय असला डॉक्टर?"

उपेंद्ररावांचा जीव तुटला. पण नियम तो नियम. "वहिनी, तुम्हाला दिलं की खालचेही मागतील. सगळ्यांना सारखंच मिळतंय."

"सारखं?" सकवारबाई एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

तो एक शब्द उपेंद्ररावांना दिवसभर बोचत राहिला. आपल्या मोजमापावर शंका? पुढच्या पाळीला त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या गुरुप्रसादला वॉल्व्हपाशी उभं केलं आणि स्वतः सकवारबाईंच्या नळाखाली बादली लावून बसले. वीस मिनिटांत दोन बादल्या. तळमजल्यावर त्यांच्या स्वतःच्या नळाला तेवढ्याच वेळात सात भरत. टाकी डोक्यावर आणि तिसरा मजला टाकीला चिकटून, मग धार बारीकच येणार. हे शाळकरी पोरालाही कळतं. जन्मभर पाइपांचा दाब तपासलेल्या माणसाला कळू नये? त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी वेळेचा नियम मोडीत काढला. आता प्रत्येक घराला पाच बादल्या, मग कितीही मिनिटं लागोत. पाचवी बादली भरल्यावर ते जरा ऐटीतच सकवारबाईंकडे गेले.

"आता झालं ना सारखं?"

"झालं की. आता आलायसाच तर ह्यांना जरा कुशीवर धरा, अण्णा."

उपेंद्ररावांनी कल्लाप्पाला खांद्याला धरून कुशीवर केलं. केवढा हलका झाला होता माणूस! सकवारबाईंनी पाठ पुसली, चादर ओढून काढली, भिजवली, खळबळली, पुन्हा खळबळली. उपेंद्रराव सवयीनं मोजत होते. पाचातल्या तीन बादल्या तिथंच संपल्या. स्वयंपाक, भांडी, प्यायचं पाणी अजून व्हायचं होतं. कल्लाप्पा भिंतीकडे तोंड करून अडखळत म्हणाला, "माझ्यापायी... लई पाणी जातंय."

उपेंद्रराव लगेच म्हणाले, "वहिनी, माझ्या दोन बादल्या दर पाळीला वर आणून देतो."

"नको." सकवारबाईंचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही चांगलं हायसा. पर उद्या लेकीकडं पुण्याला गेलासा, मग? द्यायचं तर नेमात बसवून द्या."

त्या संध्याकाळी चारही घरांची बैठक सकवारबाईंच्या दारासमोर जिन्यात भरली, कारण त्यांना कल्लाप्पाला सोडून खाली येता येत नव्हतं. आजवरच्या बैठकांना त्या का नसत, हे उपेंद्ररावांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी सोबत आणलेल्या फळ्यावर लिहिलं: तिसरा मजला आठ, बाकी चार-चार.

"काका, हे अनफेअर आहे," गुरुप्रसाद म्हणाला. "माझी दोन मुलं आहेत. आणि उद्या कुणी म्हणेल, माझी आई आजारी आहे."

"म्हणेल ना. तेव्हा इथंच जमू, बघू आणि फळा पुसून नव्यानं लिहू. वेळ काय सांगून येते?"

"म्हणजे आमची एक बादली गेली."

"गेली," उपेंद्रराव म्हणाले. त्यांना ते गोड करून सांगावंसं वाटलं नाही. "तुमची गेली, माझी गेली, पहिल्या मजल्याचीही गेली."

गुरुप्रसादनं उघड्या दारातून आत पाहिलं. दोरीवर ओली चादर होती, खाली कल्लाप्पा. मग त्यानं हात वर केला, पाठोपाठ पहिल्या मजल्यावरच्या सौम्यानंही.

सकवारबाईंनी फळा नीट वाचून घेतला. हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत.

"आमच्या आठ परवा किती वाजता सोडणार, अण्णा?"

"सातला."

"सरी," असा कानडीत रुकार देऊन त्या आत गेल्या. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि उपेंद्ररावांना त्याचंच फार बरं वाटलं.