पाण्याला वाट

शाळेच्या भिंतीपाशी वळताना सायकलचा दिवा विझला. परिचारिकेने चालत्या सायकलवरच तो तळहाताने दोनदा थोपटला, तिसऱ्यांदा जरा जोरात. डोळा मिचकावल्यासारखा एकदा लागला आणि गेला. समोरून येणाऱ्या टेम्पोला ती दिसलीच नाही. त्याचा आरसा तिच्या हॅण्डलला घासून गेला, तेव्हा ती कशीबशी गटाराच्या कडेला उतरली होती. पहाटेच्या पावसात उरलेला रस्ता तिने सायकल हातात धरून काढला आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा कामावर उशिरा पोहोचली.

दुपारी घरी जाताना ती सायकलवाल्याकडे थांबली. म्हाताऱ्याने दिवा उघडला, आत पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं. याची देखभाल कोण करतं, असं त्याने विचारलं. कुणीच नाही, ती म्हणाली; दिवाच चांगला आहे, इतकी वर्षं कधी कुरकुरला नाही.

म्हातारा हसला. झाकणाच्या कडेने जुन्या ट्यूबचं रबर गोल कापून बसवलं होतं. सेलला टेकणाऱ्या पत्र्यांवर व्हॅसलीनचा पुसट थर होता. आणि तळाला, बारीक खिळ्याने पाडावं तसं, एक छिद्र होतं.

"रोज कुणीतरी हा पुसत होतं, बाई. चार-पाच दिवस झाले, हात फिरलेला नाही. मी आज करून देईन, पण या पावसात परवा पुन्हा बंद पडेल. ज्याचा हात आहे त्यालाच विचारा."

तिने दिवा दुरुस्त न करता तसाच परत घेतला. नवरा मुलाकडे जाऊन पाच दिवस झाले होते.

त्याआधीचे सात आठवडे घरात अबोला होता. कारखान्यात लेथवर जन्म घालवलेला माणूस निवृत्त झाला आणि महिन्याभरात मुलाला कळवून बसला की आम्ही दोघं कायमचे तुमच्याकडे येतो. तिच्या नोकरीची अजून चार वर्षं होती. मला एका शब्दाने तरी विचारलंत का, असं ती म्हणाली. त्यात विचारायचं काय, असं तो म्हणाला. झालं. तेव्हापासून तो चहा झाल्याचं भिंतीला सांगायचा आणि ती भाजी संपल्याचं फ्रिजला. सुनेचं बाळंतपण आलं तेव्हा तिला रजा मिळाली नाही. तो एकटाच निघाला, आणि जातानाही छत्री नेत असल्याचं त्याने दरवाजाला सांगितलं.

घरी येऊन तिने दिवा जेवणाच्या टेबलावर ठेवला. रोज संध्याकाळी ती अंघोळीला गेली की नवरा मागच्या दारात वर्तमानपत्र पसरून पाठमोरा बसलेला असायचा. तिला वाटायचं, फुगून बसलाय. तिनेही कधी पुढे होऊन पाहिलं नव्हतं.

बराच वेळ फोनकडे बघून तिने मुलाला फोन लावला. नात दूध नीट घेते, सून आता जिना चढते, हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबांना दे.

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. श्वास ऐकू आला.

"अहो," ती म्हणाली. "सायकलचा दिवा लागत नाहीये."

 त्याने घसा साफ केला.

"कधीपासून?"

टेम्पोचं ती बोलली नाही. आज सकाळपासून, एवढंच म्हणाली. त्याने सगळं शेजारी बसल्यासारखं सांगायला सुरुवात केली. सेल काढ, कोरड्या फडक्याने पूस. पत्र्यांवर हिरवट काही दिसतं का? पॉलिश पेपर माझ्या डब्यात आहे, हलक्या हाताने घास. व्हॅसलीन बोटाच्या टोकावर येईल तेवढंच. तिने फोन खांदा आणि कान यांच्यात धरला होता, आणि इंजेक्शन देताना न थरथरणारी तिची बोटं त्या एवढ्याशा स्प्रिंगवर घसरत होती.

"हे खाली छिद्र का पाडलंत?"

"कितीही बंद केलं तरी पाणी आत जातंच. मग त्याला वाट ठेवावी लागते. छिद्र नेहमी खाली राहील असं बघ."

"बरं."

"रबर कसं आहे?"

तिने बोट फिरवून पाहिलं. एका जागी चीर गेली होती. तसं तिने सांगितलं.

"हा पावसाळा निघेल त्याच्यावर," तो म्हणाला आणि थांबला. मागे नात रडत होती, कुणीतरी तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. "पण चार पावसाळे काढायचे तर नवंच घालायला हवं. मी आल्यावर बसवतो. इथे सांगितलंय मी, पुढच्या आठवड्यात निघतो म्हणून."

तिने झाकण बसवलं, घट्ट फिरवलं, बटण दाबलं. टेबलावरच्या मिठाच्या बरणीपासून समोरच्या भिंतीपर्यंत पांढरा लख्ख उजेड पडला.

"लागला का?"

तिने दिवा हलवून पाहिला. उजेड भिंतीवर हलला, पण विझला नाही. तिने खुर्ची ओढली आणि पदराने डोळ्यांच्या कडा टिपत नीट टेकून बसली.

"नाही अजून," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून सांगा."