लोकरीला हवा

बर्गनमध्ये पाऊस रोजचाच, त्यामुळे कुणी हवेबद्दल बोलायला लागलं की समजावं, माणूस बाहेरगावचा आहे. पण त्या दिवशी बोर्गहिल्ड, सत्तरी ओलांडलेली अस्सल बर्गनकरीण, सकाळी सकाळी फोनवर हवेचंच पुराण लावून बसली. दोघींचं जहाज पार उत्तरेला, किर्केनेसपर्यंत जाणार. मार्च महिना. एका बंदरात ऊन, तर पुढच्या बंदरात हिमवादळ.

"आतून पातळ लोकर, मधे जाड लोकर, वरून वाऱ्यापावसाचं जाकीट. उकडलं की काढायचं, गारठलं की चढवायचं. आणि सुती काही घेतलंस ना तोरुन, तर माझ्याशी गाठ आहे! लोकर सगळी आत्ताच बाहेर टांग. मी दुपारी येते बॅग भरायला."

"बरं, वन्सं," तोरुन म्हणाली.

हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणे. ऑक्टोबरात नवरा गेला, आर्नफिन, तेव्हापासून. हा प्रवास त्या दोघांचा ठरलेला. त्याच्या जागी आता त्याची ही थोरली बहीण निघाली होती. लोक म्हणत, तोरुन किती छान सावरली. सावरली कसली, डोंबल! दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल बधिर होतो ना, तशी ती अख्खी झाली होती. अजून एकदासुद्धा रडली नव्हती.

एकाच ठिकाणी तिला अजून काहीतरी जाणवे. कपाटाच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला आर्नफिनचा निळा स्वेटर. नावेला लावायचं डांबर, कॉफी आणि त्याची मान, सगळं त्या वासात होतं. अधूनमधून ती गाठ सोडी, नाक खुपसे आणि घाईघाईने पुन्हा बांधून टाकी. तेवढ्यापुरतं छातीत काहीतरी हले. अंगात मात्र तिने तो कधी घातला नाही, आपला वास लागेल म्हणून. ती पिशवी बरोबर नेता येईल, एवढ्यासाठीच ती प्रवासाला तयार झाली होती.

फोन ठेवून ती कामाला लागली. इथे लोकर कुणी ऊठसूट धूत नाही. गॅलरीत आडोशाला टांगायची. दमट वारा घामाचा, तळणाचा, कसलाही वास ओढून नेतो. लग्न झाल्यापासून प्रत्येक प्रवासाआधी तिने दोघांची लोकर अशीच टांगली होती. हातांना काही सांगावं लागत नव्हतं. मोजे, आतले कपडे, जाड विजारी. एक गाठ फार घट्ट बसली होती, ती तिने दातांनी सोडवली. मग खिडकीशी बसून पाव आणि तपकिरी चीज खाल्लं. बाहेर भुरभुर पाऊस होता.

दुपारी बोर्गहिल्ड आली. दारात बूट काढले आणि थेट बॅगेवर धाड घातली.

"अगं बाई! हे काय, सुती ब्लाउज? तिकडे डेकवर भिजलीस की फळीसारखी कडक होशील. मग तुला उभी करून ठेवू का कोपऱ्यात?"

"बरं, काढा मग."

"काढतेच!" म्हणत तिने ते पलंगावर फेकलं आणि लोकर आणायला गॅलरीत गेली. परत आली तेव्हा चेहरा खुलला होता. हातात निळा स्वेटर, नाकाला लावलेला.

"आर्नफिनचा ना गं? बरं केलंस, हवा दिलीस. नुसता डांबराने घमघमायचा मेला. आता बघ कसा स्वच्छ झालाय. कसलाही वास नाही!"

तोरुनने तो हातात घेतला. छातीजवळ हुंगला, काखेत हुंगला, मानेशी हुंगला. पाऊस आणि मेंढी, बस्स. आता काहीतरी होईल म्हणून ती थांबली. काही झालं नाही.

"काय गं?" म्हणता म्हणता बोर्गहिल्डची नजर कपाटाखाली पडलेल्या, गाठीच्या चुण्या राहिलेल्या रिकाम्या पिशवीवर गेली आणि स्वेटर कशासाठी बांधून ठेवला होता ते तिला उमगलं. ती पलंगावर बसली. "तोरुन, अगं, मी सगळी लोकर म्हटलं, ती ही नव्हे गं."

"माझ्याच हातांनी टांगला, वन्सं. कळलंच नाही मला."

"आण इकडे. मी बॅगेत सगळ्यात वर ठेवते."

"बॅगेत नको."

तोरुनने स्वेटर डोक्यावरून घातला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबल्या. आत ऊब होती, भरपूर.

"आता ह्याला माझाच वास लागणार," ती म्हणाली.

बोर्गहिल्ड कधी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण ती उठली, तोरुनचा हात हातात घेतला आणि आधी एक बाही दुमडली, मग दुसरी.